इंटरप्टचा नंबर दिला म्हणजे वर्णन झालं असं नाही

विचारलेला प्रश्न असा: चिपमध्ये नवा हार्डवेअर ब्लॉक आला आहे. हार्डवेअर टीमने एक एक्सेल शीट दिलं आहे, त्यात ‘ब्लॉकचं नाव’ आणि ‘इंटरप्ट नंबर’ असे दोनच रकाने आहेत. (इंटरप्ट म्हणजे ब्लॉकने प्रोसेसरला ‘इकडे लक्ष दे’ अशी दिलेली हाक.) त्यावरून लिनक्सचा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी इंटरप्टचं वर्णन तयार करायचं आहे. त्यात नेमकं काय लिहावं आणि किती खोलात जावं?

बोर्ड पहिल्यांदा चालू करणं आणि त्याचे ड्रायव्हर लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, आणि त्यातली बरीच जागरणं इंटरप्टपायी झाली आहेत. मागे वळून पाहिलं तर बहुतेक वेळा कोडमध्ये खोट नव्हती. कागदावर एक ओळ कमी होती, आणि ती ओळ ज्याला माहीत होती तो माणूस दुसऱ्या मजल्यावर बसत होता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नंबर ही या सगळ्यातली सोपी माहिती. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला त्याखेरीज कळायला हवं ते हे: नंबर कुठून मोजला आहे, लाइन (इंटरप्टची तार) कशामुळे वर येते, आली की किती वेळ तशीच राहते, आणि तिला गप्प कसं करायचं. यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं, आणि नेमकं तेच शीटमध्ये नसतं.

नंबर कुणाच्या हिशोबातला?

आर्मच्या बहुतेक मोठ्या चिपमध्ये जीआयसी हा इंटरप्ट कंट्रोलर, म्हणजे सगळे इंटरप्ट गोळा करून कोअरकडे पाठवणारा भाग असतो. त्याच्या हिशोबात ० ते १५ हे कोअरनी एकमेकांना पाठवायचे इंटरप्ट, १६ ते ३१ हे प्रत्येक कोअरचे खासगी म्हणजे पीपीआय, आणि ३२ ते १०१९ हे सगळ्या चिपचे सामाईक, म्हणजे एसपीआय. (सीरियल बसलाही एसपीआयच म्हणतात. दोन्हींचा काही संबंध नाही, पण नवीन माणूस इथे हमखास अडखळतो, तेव्हा कागदावर एकदा स्पष्ट करून टाका.) लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डवर कुठलं हार्डवेअर कसं जोडलं आहे हे सांगणाऱ्या यादीत, मात्र एसपीआय शून्यापासून मोजतात. तिथे प्रत्येक इंटरप्टसाठी तीन आकडे येतात. पहिला प्रकार सांगतो, ० म्हणजे एसपीआय आणि १ म्हणजे पीपीआय. दुसरा त्या प्रकारातला क्रमांक आणि तिसरा ट्रिगर, म्हणजे लाइनच्या कुठल्या बदलाला (एज) किंवा स्थितीला (लेव्हल) इंटरप्ट मानायचं ते.

झायलिंक्सची झिंक-७००० घ्या. तिच्या मॅन्युअलमध्ये दुसऱ्या यूएआरटीचा (सीरियल पोर्टचा), म्हणजे यूएआरटी-१चा, इंटरप्ट ८२ आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये तोच <० ५० ४> असा लिहितात, कारण ८२ मधून ३२ वजा केले की ५० उरतात. बोर्ड चालू करून /प्रॉक/इंटरप्ट्स ही कर्नलची यादी उघडली की जीआयसीच्या नावापुढे पुन्हा ८२ दिसतो. म्हणजे दोन्ही आकडे बरोबर, फक्त मोजायला सुरुवात वेगळ्या जागेहून. त्याच चिपमध्ये एफपीजीएकडून (हवं तसं जोडून घेता येणाऱ्या लॉजिककडून) येणाऱ्या लाइन्सना ६१ ते ६८ आणि ८४ ते ९१ हे आयडी आहेत. आता एखाद्याने मॅन्युअलमधला ६१ उचलून तसाच डिव्हाइस ट्रीमध्ये घातला तर काय होईल? कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यात ३२ मिळवून ९३ क्रमांकाची लाइन धरेल. या चिपमध्ये ९३ राखीव आहे, तिथे कुठलीच तार येत नाही. रिक्वेस्ट_आयआरक्यू (कर्नलकडे लाइन मागणारं फंक्शन) यशस्वी होईल, लॉगमध्ये एकही तक्रार येणार नाही, आणि इंटरप्ट कधीही येणार नाही. ड्रायव्हर लिहिणारा मग क्लॉक तपासतो, मास्क (इंटरप्ट रोखणारे बिट) तपासतो, एफपीजीएची फाइल पुन्हा बनवून घेतो. हवा होता तो आकडा २९.

रास्पबेरी पाय ४ मध्ये तर एकाच तारेला तीन नंबर आहेत. तिच्या बीसीएम-२७११ चिपमध्ये पीएल-०११ यूएआरटीचा इंटरप्ट व्हिडिओकोअरच्या (चिपमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरच्या) यादीत ५७ वा आहे, डिव्हाइस ट्रीमध्ये तो १२१ होतो (५७ अधिक ६४) आणि जीआयसीच्या हिशोबात १५३ (१२१ अधिक ३२). तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे.

म्हणून नुसता आकडा कधी लिहू नका. ‘जीआयसी आयडी ८२, म्हणजे एसपीआय ५०’ असं दोन्ही लिहा. रकान्याच्या डोक्यावर ‘इंटरप्ट नंबर’ असं मोघम नाव नको. पीपीआय असेल तर वजाबाकी १६ ची असते. झिंकचा ग्लोबल टायमर आयडी २७ वर आहे आणि डिव्हाइस ट्रीमध्ये तो पीपीआय ११ म्हणून येतो. तिथे तिसरा आकडा हेक्समध्ये ३०१ असतो. शेवटचा १ म्हणजे रायझिंग एज (लाइन खालून वर जाण्याचा क्षण), आणि सुरुवातीचा ३ म्हणजे दोन्ही कोअरचा मास्क, म्हणजे इंटरप्ट दोन्ही कोअरसाठी आहे ही खूण. रिस्क-फाइव्हच्या पीएलआयसीमध्ये (तिथल्या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये) आणखी वेगळी गंमत आहे: तिथे ० चा अर्थच ‘इंटरप्ट नाही’ असा आहे आणि सोर्स १ पासून सुरू होतात. त्यामुळे आरटीएलमध्ये (हार्डवेअरच्या कोडमध्ये) बसचा शून्यावा बिट म्हणून जोडलेली लाइन बाहेर सोर्स १ होऊन बसलेली असू शकते. आरटीएल लिहिणाऱ्याला हे समोरासमोर विचारून घ्या.

आणि एक आकडा कागदावर कधीही चढू देऊ नका: /प्रॉक/इंटरप्ट्समधल्या अगदी डावीकडच्या रकान्यातला. तो कर्नलने स्वतःच्या सोयीसाठी दिलेला क्रमांक असतो. कर्नल बदलला, एखादा ड्रायव्हर आधी चढला, की तो बदलतो. चालू बोर्डवरून पाहून ‘आयआरक्यू ४७’ असं नोंदवलेले कागद मी पाहिले आहेत. पुढच्या रिलीजला ते चुकीचे ठरले आणि कुणालाच कळेना की हार्डवेअरमध्ये काय बदललं. हार्डवेअरमध्ये काहीच बदललं नव्हतं.

‘ॲक्टिव्ह लो’ एवढ्यावर भागत नाही

हा अनुभव माझा स्वतःचा आहे. एका उत्पादनात आय-टू-सी बसवर एक सेन्सर होता आणि त्याची इंटरप्टची पिन प्रोसेसरच्या जीपीआयओला (साध्या इनपुट-आउटपुट पिनला) जोडलेली होती. आमच्या हातातल्या कागदावर त्या पिनपुढे दोनच शब्द होते: ‘ॲक्टिव्ह लो’. ड्रायव्हरमध्ये फॉलिंग एज (लाइन वरून खाली येण्याचा क्षण) घातली. टेबलावर सगळं सुरळीत चाललं. मग युनिट्स बाहेर गेली आणि तक्रारी यायला लागल्या: एखादं युनिट दोन दिवसांनी मुकं व्हायचं, एखादं दोन आठवड्यांनी. बंद करून चालू केलं की पुन्हा ठीक.

शेवटी तसं एक मुकं झालेलं युनिट बंद न करता जसंच्या तसं टेबलावर आणलं आणि पिनवर स्कोप लावला. रेघ तळाशी चिकटलेली, शून्य व्होल्टवर सरळ आडवी. सेन्सर ओरडत होता आणि प्रोसेसरला ऐकू जात नव्हतं.

झालं होतं ते असं. तो सेन्सर पिन खाली ओढून धरायचा आणि स्टेटस रजिस्टर (काय घडलं ते सांगणारी चिपमधली छोटी जागा) वाचेपर्यंत सोडायचा नाही. ४०० किलोहर्ट्झवर एक रजिस्टर वाचायला जवळपास १०० मायक्रोसेकंद लागतात. एरवी वाचन संपलं की पिन वर जायची आणि पुढच्या घटनेला पुन्हा खाली येताना नवी एज मिळायची. पण त्या १०० मायक्रोसेकंदांत, स्टेटसची नोंद घेतली गेल्यावर पण पिन वर जायच्या आत, दुसरी घटना घडली की पिन खालीच राहायची. वर गेलीच नाही, तर खाली येणारी एज कुठून मिळणार? हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारा ड्रायव्हरचा कोड) एजची वाट बघत बसलेला, सेन्सर वाचनाची. दोघंही कायमचे थांबलेले. ट्रिगर लेव्हल-लो केला आणि तक्रारी थांबल्या.

‘ॲक्टिव्ह लो’ ही लाइनची दिशा झाली. ती नुसती क्षणभर खाली येऊन जाते की ऐकून घेईपर्यंत खाली राहते, हे त्यात कुठेच येत नाही. क्षणभर येत असेल तर किती क्षण, तेही लिहावं लागतं, कारण पल्स फार अरुंद असेल तर कंट्रोलरच्या क्लॉकला ती दिसणारच नाही. वर्णनात वाक्यच लिहा: ‘स्टेटस रजिस्टर वाचून पूर्ण होईपर्यंत लाइन लो राहते’, किंवा ‘प्रत्येक फ्रेमच्या शेवटी एका बस-क्लॉकची हाय पल्स येते’. एवढं वाक्य मिळालं की एज की लेव्हल हे ड्रायव्हरवाला स्वतः ठरवेल.

याला जोडूनच, ट्रिगर कुठे उभं राहून पाहिला ते लिहा. चिपच्या पिनपाशी लो असलेली लाइन वाटेत व्होल्टेज बदलणाऱ्या एका ट्रान्झिस्टरमधून उलटून येऊ शकते. डिव्हाइस ट्रीमध्ये जायला हवं ते कंट्रोलरपाशी पोचलेलं रूप. जीआयसीच्या एसपीआयला तर फक्त रायझिंग एज आणि लेव्हल-हाय एवढंच चालतं, लो आणि फॉलिंग तिथे ग्राह्यच नाही. त्यामुळे ॲक्टिव्ह-लो चिप थेट एसपीआयवर आणल्याचं चित्र दिसलं, तर एक तर मध्ये कुठेतरी इन्व्हर्टर आहे किंवा चित्रात चूक आहे. दोन्हीपैकी काय ते शोधून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गप्प करायचं कसं, ते अक्षरशः लिहा

चांगलं वर्णन कसं असतं ते पाहायचं तर आर्मच्या पीएल-०११ यूएआरटीचं मॅन्युअल वाचा. त्यात इंटरप्टसाठी चार रजिस्टरं आहेत, हेक्स ०३८ पासून ०४४ पर्यंत ओळीने: मास्कचं, कच्च्या स्टेटसचं, मास्क लावून उरलेल्या स्टेटसचं आणि क्लिअर करायचं. कच्चं स्टेटस आणि मास्क लावलेलं स्टेटस वेगळं ठेवलं आहे हे फार मोठं सुख आहे, कारण ‘घडलं आहे का’ आणि ‘त्यासाठी मला उठवलं आहे का’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. तुमच्या ब्लॉकमध्ये एकच स्टेटस रजिस्टर असेल तर ते यातलं कुठलं, हे लिहिल्याशिवाय हँडलर लिहिताच येत नाही.

त्याच मॅन्युअलमध्ये रिसीव्ह टाइमआउटची नोंद आहे. रिसेटनंतर रिसीव्ह इंटरप्ट फिफो (डेटा रांगेत ठेवणारी जागा) अर्धा भरल्यावर येतो, म्हणजे १६ बाइटच्या फिफोत ८ बाइट झाल्यावर. मग समोरच्याने तीनच अक्षरं पाठवली तर? त्यासाठी दुसरा इंटरप्ट आहे: फिफोत काहीतरी आहे आणि ३२ बिट-काळ नवं काही आलं नाही, की तो येतो. ही नोंद नसती तर शेवटची तीन अक्षरं फिफोत पडून राहिली असती आणि टर्मिनलवर टाइप करणाऱ्याला वाटलं असतं की मशीन अडकलं.

त्याहून सूक्ष्म गोष्ट ट्रान्समिटची. जुन्या १६५५० यूएआरटीमध्ये पाठवायचा बफर रिकामा असताना ट्रान्समिट इंटरप्ट चालू केला की तो तत्काळ येतो, आणि कितीतरी ड्रायव्हर त्याच्याच भरवशावर पहिलं अक्षर हँडलरमधून पाठवतात. पीएल-०११ मध्ये तसं होत नाही. तिथे हा इंटरप्ट फिफो मर्यादेच्या खाली उतरतो त्या क्षणावर बेतलेला आहे. फिफो आधीच रिकामा असेल तर उतरायला काही नाही, म्हणून इंटरप्टही नाही. १६५५० ची सवय असलेल्या माणसाने तोच साचा इथे वापरला की पहिलं अक्षरच बाहेर पडत नाही. लिनक्सचा ड्रायव्हर म्हणूनच आधी स्वतः फिफो भरतो. ‘फिफो मर्यादेखाली असताना’ आणि ‘फिफो मर्यादेखाली जाताना’ यात एका शब्दाचा फरक आहे. वर्णन लिहिताना असे शब्द तोलून वापरावे लागतात.

आता तुमच्या ब्लॉककडे येऊ. लाइन उतरवण्याच्या साधारण तीन तऱ्हा भेटतात. स्टेटसच्या बिटावर १ लिहिला की तो उतरतो. किंवा स्टेटस नुसतं वाचलं की उतरतो. किंवा कारण दूर केलं, फिफो रिकामा केला, की आपोआप उतरतो आणि क्लिअर करायला वेगळं काही नसतंच. यातली कुठली ते प्रत्येक बिटासाठी लिहा, कारण एकाच रजिस्टरमध्ये तिन्ही एकत्र नांदताना दिसतात.

वाचल्याने उतरणारं रजिस्टर असेल तर ते ठळक लिहा. डीबग करताना कुणी सगळी रजिस्टरं छापून पाहिली तर तेवढ्यानेच इंटरप्ट हरवतो. लिनक्सच्या रेगमॅपमध्ये (रजिस्टरं हाताळणाऱ्या भागात) अशा रजिस्टरांवर ‘प्रेशियस’ अशी खूण करायची सोय आहे, म्हणजे डीबगएफएस (डीबगसाठी रजिस्टरं दाखवणाऱ्या फाइल्स) त्यांना हात लावत नाही. पण ती खूण करायची की नाही हे ड्रायव्हरवाल्याला तुमच्या कागदावरूनच कळणार.

क्रमही लिहा. लॅच होणारा, म्हणजे एकदा उभा राहिला की पुसेपर्यंत तसाच राहणारा बिट असेल तर सहसा आधी क्लिअर आणि मग काम. उलट केलं, म्हणजे आधी दोन मिलिसेकंद काम केलं आणि मग क्लिअर केलं, तर त्या दोन मिलिसेकंदांत आलेली नवी घटना त्याच बिटात मिसळून जाते आणि आपण तीही पुसून टाकतो. पण ओव्हररनसारख्या (फिफो भरल्याने नमुने गळाल्याचं सांगणाऱ्या) बिटाला हा नियम उलटा लागू शकतो: फिफो भरलेला असतानाच क्लिअर केलं तर पुढच्याच नमुन्याला तो पुन्हा येऊन उभा. हे ब्लॉक बनवणाऱ्यालाच ठाऊक असतं. त्याच्या शेजारी बसून विचारा.

आणखी एक गोष्ट हार्डवेअरवाल्यांना हटकून विचारा: क्लिअर लिहिल्यावर लाइन प्रत्यक्षात किती वेळाने खाली येते? ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्लॉकवर चालणारं रिअल टाइम क्लॉक असेल आणि क्लिअरला तिकडे पोचायला दोन क्लॉक लागत असतील, तर ते ६१ मायक्रोसेकंद झाले. एक गिगाहर्ट्झच्या कोअरच्या दृष्टीने हे ६१,००० सायकल्स आहेत. हँडलर केव्हाच बाहेर पडलेला असतो, लाइन अजून हाय, म्हणून पुन्हा आत, पुन्हा बाहेर. तेवढ्यात स्टेटस रिकामं दिसलं की हँडलर ‘हा माझा नाही’ असं उत्तर देतो. कर्नल हे मोजत असतो. १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० पेक्षा जास्त कुणीच स्वीकारले नाहीत की तो लॉगमध्ये ‘नोबडी केअर्ड’ असं छापतो आणि ती लाइनच बंद करून टाकतो. वेगवान क्लॉकवरच्या ब्लॉकमध्येही लिहिलेली किंमत बसमध्ये रेंगाळू शकते. तिथे क्लिअर केल्यावर तेच रजिस्टर एकदा परत वाचायचं असतं. वाचायचं असेल तर तसं लिहा, किती थांबायचं असेल तर तो आकडा लिहा.

आय-टू-सीसारख्या संथ बसवरच्या चिपसाठी एक वाक्य जास्त लागतं: ‘लाइन गप्प करायला बसवरून वाचन करावं लागतं.’ वाचायला साधं वाटतं, पण त्यावर ड्रायव्हरची सगळी घडण ठरते. हार्ड इंटरप्टमध्ये झोपता, म्हणजे वाट पाहत थांबता, येत नाही, आणि आय-टू-सीचं वाचन झोपू शकतं. म्हणजे थ्रेडेड (वेगळ्या थ्रेडमध्ये चालणारा) हँडलर लागणार, आणि थ्रेडचं काम संपेपर्यंत लाइन बंद ठेवायला वनशॉट लागणार. हार्ड इंटरप्टमधला पहिला हँडलर न देता वनशॉटशिवाय नोंदणी करायला गेलात तर कर्नल ती सरळ नाकारतो.

लाइन सामाईक असेल तर ‘हा इंटरप्ट माझाच’ हे एका वाचनात कळेल असा बिट कुठला, ते सांगा. पीसीआयच्या चार जुन्या लाइन्स, आयएनटी-ए ते आयएनटी-डी, लेव्हल-लो आणि सामाईक ठेवल्या त्या याच भरवशावर. पीसीआय एक्सप्रेसच्या एमएसआय किंवा एमएसआय-एक्समध्ये तारच नसते, मेमरीत एक लेखन होतं. एमएसआयमध्ये जास्तीत जास्त ३२ व्हेक्टर (वेगवेगळे इंटरप्ट) आणि एमएसआय-एक्समध्ये २०४८. तिथे नंबर कर्नल वाटतो, तुम्ही फक्त कितवा व्हेक्टर कुठल्या घटनेचा हे लिहायचं.

रिसेटनंतरची स्थिती आणि बूटलोडरने (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामने) मागे काय ठेवलेलं असू शकतं, हेही दोन ओळींत यायला हवं. नेटवर्कवरून बूट करताना बूटलोडरने इथरनेट ब्लॉक वापरलेला असतो. त्याचा एखादा बिट उभाच राहिला असेल तर ड्रायव्हरने लाइन मागितल्या क्षणी हँडलर धावत येतो, जेव्हा त्याच्या रांगासुद्धा तयार नसतात. ब्लॉकचा क्लॉक बंद असताना स्टेटस वाचल्यास बस अडकते का, आणि सिस्टम झोपेत असताना यातल्या कुठल्या लाइनने तिला उठवता येतं, हेही त्याच जागी.

नावं आणि क्रम

एका ब्लॉकच्या तीन लाइन्स असतील तर लिनक्समध्ये त्यांचं वर्णन डिव्हाइस ट्री बाइंडिंगमध्ये, म्हणजे त्या ब्लॉकची नोंद कशी असावी हे सांगणाऱ्या नियमांत जातं. ही यॅमल फाइल असते. प्रत्येक इंटरप्टला एक ओळीचं वर्णन आणि एक नाव द्यायचं, आणि फाइल नियमात बसते का ते डीटी_बाइंडिंग_चेक तपासून देतं. नावं छोटी ठेवा: ‘डेटा’, ‘ओव्हररन’, ‘एरर’. पुढे ‘आयआरक्यू’ हे शेपूट नको, यादीच इंटरप्टची आहे.

क्रम हा करार असतो. आज ‘डेटा, एरर’ असा क्रम छापला, उद्या चिपच्या नव्या आवृत्तीत ‘ओव्हररन’ वाढला, तर तो शेवटीच जोडायचा. मध्ये घुसवला की फ्लॅशमध्ये आधीच बसलेल्या जुन्या डिव्हाइस ट्रीबरोबर नवा कर्नल एररच्या जागी भलतंच ऐकू लागेल. आणि या फाइलमध्ये लिनक्सच्या ड्रायव्हरची हकिकत लिहू नका, हार्डवेअरची लिहा. डिव्हाइस ट्री यू-बूट हा बूटलोडर वाचतो, फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टमही वाचते. झेफिर या छोट्या ऑपरेटिंग सिस्टममध्येही वर्णन डिव्हाइस ट्रीतच असतं, फक्त त्याच्या जीआयसीच्या नोंदीत प्रायॉरिटीसाठी चौथा आकडा येतो.

मी अशा ब्लॉकसाठी नोंद कशी लिहीन ते दाखवतो. समजा, नमुने गोळा करणारा एक ब्लॉक एफपीजीएमध्ये आहे:

*डेटा.* जीआयसी आयडी ६१, म्हणजे एसपीआय २९. कंट्रोलरपाशी लेव्हल-हाय. फिफोत ठरवलेल्या मर्यादेइतके किंवा त्याहून जास्त नमुने असेपर्यंत लाइन हाय राहते. गप्प करण्यासाठी फिफो मर्यादेखाली येईपर्यंत वाचावा. स्टेटसच्या बिट ० वर १ लिहिल्याने काही होत नाही. टाइमआउट नाही: मर्यादेपेक्षा कमी नमुने उरल्यास इंटरप्ट येत नाही, म्हणून मोजणी थांबवताना काउंट रजिस्टर पाहून उरलेले नमुने ड्रायव्हरने स्वतः वाचावेत. रिसेटनंतर मास्क बंद.

*ओव्हररन.* जीआयसी आयडी ६२, म्हणजे एसपीआय ३०. कंट्रोलरपाशी लेव्हल-हाय. भरलेल्या फिफोवर नवा नमुना आला की बिट ३ लॅच होतो. आधी फिफो वाचावा, मग बिट ३ वर १ लिहावा, मग तेच रजिस्टर एकदा वाचावं. किती नमुने गळाले हे हार्डवेअर मोजत नाही.

त्यातलं शेवटचं वाक्य बघा. ‘हार्डवेअर हे करत नाही’ अशी वाक्यं मी मुद्दाम लिहितो. ती नसली की समोरचा माणूस कुठेतरी काउंटर असेलच असं धरून तो शोधत बसतो.

कागद तयार झाला की बोर्डवर पडताळून पाहा. जीआयसीमध्ये पेंडिंग (आलेला पण अजून न हाताळलेला इंटरप्ट) दाखवणारी रजिस्टरं डिस्ट्रिब्यूटर या त्याच्या भागाच्या हेक्स २०० ऑफसेटपासून सुरू होतात, एकात ३२ लाइन्स. आयडी ८२ साठी हेक्स २०८ वरच्या रजिस्टरचा बिट १८ पाहायचा (६४ अधिक १८). लाइन चालू करायची रजिस्टरं तशीच हेक्स १०० पासून. ब्लॉककडून घटना घडवा, मास्क उघडा ठेवा, जीआयसीमध्ये ती लाइन बंदच राहू द्या, आणि हा बिट वाचा. बिट उभा राहिला तर तार आणि नंबर दोन्ही बरोबर आहेत, आणि इंटरप्ट येत नसेल तर दोष पुढे सॉफ्टवेअरमध्ये आहे. उभा राहिला नाही तर ड्रायव्हरमध्ये कितीही डोकं घातलं तरी काही हाती लागणार नाही. आता कागदात सांगितल्याप्रमाणे लाइन गप्प करा आणि बिट उतरतो का ते पाहा. लेव्हलची लाइन असेल तर हा बिट लाइनच्या मागे मागे चालतो, त्यामुळे ती उतरायला किती वेळ लागतो हेही इथेच मोजून होतं.

हे सगळं जमलं की टीममधल्या, हा ब्लॉक अजिबात न पाहिलेल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला नुसता कागद द्या आणि हँडलर लिहायला सांगा. तुम्ही शेजारी वही घेऊन बसा. ‘सर, हा बिट वाचल्यावर जातो का?’ असं काही विचारलं गेलं की तोंडी उत्तर देण्याआधी ते कागदात लिहा.